श्रमहर चूर्णाचे दोन डबे

आमच्या घरी पहाटेची जाग यायची ती किटल्यांच्या आवाजानं. माझे वडील, आबा, गोठ्यात धार काढायला बसले की रिकाम्या किटलीच्या बुडावर पहिली धार पडायची, पत्र्यावर कुणी बारीक खडे फेकावेत तशी. मग किटली भरत जाईल तसा तो आवाज जाड आणि मऊ होत जायचा. तो पुरता मुका झाला की आई हाक मारायची, "बबन, ऊठ. दत्तूला उठीव." दत्तू माझा चुलतभाऊ, तात्यांचा मुलगा, माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. आम्ही दोघं एकाच वर्षी दहावीला बसलो, दोघंही गणितात गेलो, आणि निकालानंतरच्याच आठवड्यात आबांनी आमच्यासाठी दोन जुन्या काळ्या सायकली आणल्या. सायकलींना मागं किटल्या अडकवायचे लोखंडी आकडे आधीच लावलेले होते, म्हणजे आमचं पुढं काय करायचं ते निकालाच्या आधीच ठरलेलं असणार.

आमचं गाव भरे गावाच्या अंगाला. तिथून घोटवडे फाटा, पिरंगुट, मग पिरंगुटचा घाट, भुकूम, भूगाव, चांदणी चौकाची शेवटची चढण, आणि पलीकडं उतरलं की कोथरूड. मागं दोन्ही बाजूंना दोन भरलेल्या किटल्या, हँडलला एक बारकी. येताना किटल्या रिकाम्या असायच्या, पण आबांचा हिशेबी स्वभाव असा, की रिकामी सायकल घाट चढताना त्यांना डोळ्यांपुढं दिसली तरी वाईट वाटायचं, म्हणून येताना सरकी पेंडीचं पोतं. थोडक्यात, आमच्या सायकली कधी मोकळ्या चालल्याच नाहीत. आणि एवढ्या दुधाच्या घरात आम्ही काय पीत होतो? चहा, आणि तोही असा, की त्यात दूध पडलंय की नुसती दुधाची आठवण पडलीय ते कळू नये. न्याहारीला रात्रीची भाकरी आणि लसणाची चटणी. दूध गिऱ्हाइकाचं, ताक घरचं, असा नियम होता.

कोथरूडला दूध घालायचं माझं शेवटचं घर विद्वांसांचं. दुसरा मजला, रस्त्याकडं तोंड करून गॅलरी. विद्वांस एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. उंच, सडपातळ, घरात खाकी अर्धी चड्डी आणि हातविणीचा स्वेटर, आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं, बटण दाबलं की थांबणारं घड्याळ. एक दिवस मी दूध मापत असताना ते माझ्याकडं एकटक बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चांदणी चौक चढून आलास ना?"

"व्हय साहेब."

"साहेब नाही, काका म्हण. आणि धापा का टाकत नाहीस?"

 मी म्हटलं, "टाकायला पायजेत का?"

त्या प्रश्नानं काका इतके खूश झाले की त्यांनी मला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. दूधवाल्याला खुर्ची, हे मला नवीन होतं. आतल्या खोलीत टेबलावर बाटल्या, तराजू, चाळण्या, आणि एका कोपऱ्यात बरण्याच बरण्या. काका श्रमहर नावाचं एक चूर्ण तयार करत होते. शेंगदाण्याची पेंड, मोड आणलेले गहू, दुधाची पावडर, दोन-तीन जीवनसत्त्वं आणि काहीतरी आंबट, असं त्यात होतं. खेळाडूनं आणि कष्टकऱ्यानं रोज चमचाभर घेतलं तर थकवा कमी येतो आणि कामाची गती वाढते, असं त्यांचं म्हणणं. नुसतं म्हणून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करायला त्यांना दोन माणसं हवी होती, सारख्या वयाची, सारख्या अंगाची, सारखं कष्टाचं काम करणारी. मी म्हटलं, "माझ्या घरी आनखी एक हाय, मापात माझ्यासारखाच."

दुसऱ्या दिवशी दत्तूला घेऊन गेलो. काकांनी आमच्यापुढं बिस्किटांचे दोन मोठे डबे ठेवले. एकावर क लिहिलं होतं, एकावर ख. क माझा, ख दत्तूचा. "एकात खरं श्रमहर आहे," काका म्हणाले, "आणि दुसऱ्यात तसंच दिसणारं, तसंच लागणारं, पण काहीही नसलेलं पीठ आहे. कशात काय, ते तुम्हाला कळता कामा नये, आणि मलासुद्धा. म्हणून डबे हिनं भरलेत, आणि कशात काय आहे ते एका पाकिटात लिहून पाकीट देव्हाऱ्यात ठेवलंय." काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून असं दिसत होतं, की लग्न झाल्यापासून त्यांनी बरंच काही पाहिलंय आणि त्यात हे फार मोठं नाही. रोज अनशेपोटी एक चमचा, पेलाभर दुधातून, असा हुकूम झाला. दूध म्हटल्यावर दत्तूनं माझ्याकडं बघितलं. मी नजर वळवली.

घरी आलो आणि सगळं सांगितलं. आई चुलीपुढं होती, काकी, म्हणजे दत्तूची आई, कोथिंबीर निवडत होती, तात्या भिंतीला टेकून बसले होते. तात्या तरुणपणी कुस्त्या करायचे. गुडघे गेल्यापासून ते फक्त कुस्त्यांवर बोलायचे.

"म्हंजी एकाला खरं आन् एकाला खोटं?" आईनं विचारलं.

"व्हय."

"कुनाला खरं?"

"ते त्या काकांना पन ठावं न्हाई."

"मग शहाना माणूस म्हनायचा का काय त्यो?"

काकी निवडता निवडता थांबली. "आन् माझ्या दत्तूला खोटं निघालं तर?" ती कुणाकडं न बघता म्हणाली. पण आमच्या घरात कुणाकडं न बघता बोललेलं वाक्य बरोबर ज्याचं त्याला पोचायचं. दोन जावांनी एका चुलीवर अठरा वर्षं काढली होती. ती कशी काढली म्हणाल तर माझी आई भाकऱ्या वाढताना डोळ्यांनी मोजून वाढायची, माझी आणि दत्तूची एका आकाराची, आणि एखादी जास्त फुगली तर ती काकीच्या हातानं दत्तूच्या ताटात जायची. काकी कोथिंबीर धुवायला बाहेर गेली तशी आई उठली. तिनं मोठी परात घेतली, क डबा त्यात उपडा केला, ख डबा त्यात उपडा केला, कोपरापर्यंत हात घालून पुरणाच्या कणकेसारखं सगळं एकजीव केलं आणि दोन्ही डबे पुन्हा भरले.

"घ्या. आता दोघांना बी अर्धं खरं."

"आई, ते शास्त्र हाय!" मी ओरडलो.

"असू दे. घरात खायाचं म्हटल्यावर शास्त्र माझं."

आज माझा नातू भूगावात राहतो. त्याच्या घरात काळ्या रंगाचा भलामोठा डबा आहे, बालडीएवढा, आणि त्यात चमचा असतो तो आमच्या दुधाच्या मापासारखा. व्यायाम करून आला की तो त्या चमच्यानं भुकटी काढून पाण्यात घुसळतो आणि डोळे मिटून पितो. त्यावर काय काय लिहिलंय ते मी चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला. वाचताना मला सारखी ती परात दिसत होती.

तेव्हा आमच्या घरी पेला दुधाचा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही श्रमहर ताकातून घेऊ लागलो. चव ओल्या भिंतीसारखी होती. पण ते औषध शहरातून आलंय आणि त्यानं ताकद येते ही बातमी घरात असताना ते आमच्या दोघांपुरतं राहणं कठीण होतं. तात्यांनी पहिल्या दिवशी नखावर घेऊन बघितलं, दुसऱ्या दिवशी मूठभर तुपात कालवून खाल्लं, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात दंड थोपटून आबांना म्हणाले, "ये." आबा आले नाहीत. काकीच्या आईला अंगात कणकण होती, तिला पुडी गेली. नुकत्याच व्यालेल्या म्हशीला आबांनी न बोलता दोन वाट्या आंबोणात टाकल्या. आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी घरातली सगळी माणसं आपापल्या ठिकाणी गुपचूप घाबरली, कारण सगळ्यांची लघवी हळदीसारखी पिवळीधमक झाली होती. पहिल्यांदा कुणी कुणाला सांगेना. शेवटी तात्याच म्हणाले, "मला वाटतं, मला कावीळ झाली." मग एकेकानं कबूल केलं. तात्यांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, "मळ निघतोय. औषधाचा गुण हाय." तेव्हापासून त्या पिवळेपणाचा घरात अभिमान सुरू झाला.

नवव्या दिवशी दोन्ही डबे संपले. ते दोन महिने पुरायचे होते.

मी रडकुंडीला आलो. आई शांत होती. तिनं नाचणी भिजत घातली, मोड आणले, सावलीत वाळवली, मंद भाजली, जात्यावर दळली, पातळ लुगड्याच्या फडक्यातून वस्त्रगाळ केली, त्यात थोडी सुंठ आणि पिठीसाखर घातली आणि दोन्ही डबे काठोकाठ भरले. "साहेबांना वाईट वाटाया नको," ती म्हणाली. रंग जरा काळपट होता, पण चव ओल्या भिंतीपेक्षा पुष्कळ बरी होती.

इकडं काकांकडं रोज सकाळी आमची तपासणी व्हायची. नाडी मोजायची. रबराच्या नळीत फुंकून बाटलीतलं लाल पाणी वर चढवायचं. मुठीत स्प्रिंगचं एक यंत्र दाबायचं. एका पायावर उभं राहून शंभरापासून उलटे आकडे म्हणायचे, कारण थकव्यात मेंदूही मंदावतो म्हणे. दत्तूला ते दोन्ही पायांवर निवांत उभं राहूनही जमलं नसतं. त्यामुळं वहीत त्याच्या मेंदूचा थकवा पहिल्या दिवसापासून भयंकर लागला. आणि सगळ्यात शेवटी काका पेन सरसावून विचारायचे, "पूर्ण दमणूक म्हणजे सोळा आणे. तर आज किती आणे?"

पहिल्या दिवशी आम्ही दोघंही लाजून "दोन आणे" म्हणालो. काकूंनी पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी दत्तू खरोखरच पंक्चर काढून आला होता, तो "दहा आणे" म्हणाला, आणि काकू आतून "अगं बाई, पोर दमलंय" म्हणत त्याच्यासाठी बशीभर शिरा घेऊन आल्या. बेदाणे घातलेला. परतताना दत्तू घाटात मला म्हणाला, "बबन्या, आठ आन्याच्या खाली यायचं न्हाई." तिथून पुढं आमचा थकवा काकूंच्या स्वयंपाकघरावरून ठरू लागला. गुरुवारी त्यांचा उपास असायचा आणि साबुदाण्याची खिचडी व्हायची. गुरुवारी आम्ही दोघंही चौदा आणे दमायचो. काकांनी त्याचा आलेख काढला. दर गुरुवारी डोंगर. ते रात्रंदिवस त्या डोंगरावर विचार करू लागले. श्रम शरीरात साठत साठत आठवड्याच्या मध्यानंतर फुटतो, असा काहीतरी सिद्धांत त्यांनी मांडला आणि वहीच्या नव्या पानावर ठळक अक्षरांत 'गुरुवारचा थकवा' असं शीर्षकही लिहिलं.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. क आणि ख यांच्यात फरक पडेना. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "लघवीचा रंग?" मी म्हणालो, पिवळा. दत्तूला विचारलं, तोही म्हणाला, पिवळा. काका गोंधळले, कारण तो पिवळेपणा जीवनसत्त्वाचा, आणि ते एकाच डब्यात होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, तर दोघांचीही पाण्यासारखी. त्या दिवशी काकांनी दाढी केली नाही.

मी दूध ओतायला आत गेलो तेव्हा काकू हळू आवाजात म्हणाल्या, "बबन, मनापासून कर हो जरा. तीस वर्षं ह्यांनी कारखान्यात कागद लिहून दिले. कुणी उघडून बघितले नाहीत. निवृत्त झाल्यापासून तर ह्यांना कुणी काही विचारतच नाही. हे एक तेवढं होऊन जाऊ दे." मी मान हलवली.  मी ठरवलं, आत्ताच बाहेर जाऊन सांगायचं. बाहेर आलो, तर काका गॅलरीत उभे, चेहरा उजळलेला, हातात एक पत्रक. आमच्याच भागात नवीन निघालेल्या एका कारखान्यानं गावातल्या पोरांसाठी सायकलींची शर्यत ठेवली होती. साध्या सायकली, घोटवडे फाट्याजवळच्या कारखान्याच्या दारातून निघायचं, घाट ओलांडून भूगावला वळसा घालून परत. तिथला मॅनेजर काकांच्या हाताखाली काम केलेला. त्यानं काकांना हसत म्हटलं होतं, "तुमचं चूर्ण एवढं गुणी असेल तर शर्यतीत दाखवा. दिसलं तर मी आमच्या कँटीनमध्ये कामगारांना सुरू करतो." आणि कारखान्याचा वॉचमन गावात सांगत होता, की पहिले तीन येतील त्यांना कामावर घेणार आहेत. म्हणजे किटल्या सुटणार. माझं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं.

शर्यत रविवारी होती. आम्ही नेहमीप्रमाणे दूध घालून, रिकाम्या किटल्या आणि पेंडीची पोती घेऊन तसेच तिथं पोचलो. सगळं घर आलं होतं. आई आणि काकी झाडाखाली, तात्या पहिल्या रांगेत, आबा सायकलींच्या घोळक्यात चाकांकडं बघत. काका स्वेटर घालून, घड्याळ हातात, काकू पर्स घट्ट धरून. पर्समध्ये पाकीट होतं. मी पोतं उतरवलं, किटल्या उतरवल्या, आणि जरा चालवून बघावी म्हणून सायकलीवर बसलो. वजन उतरल्यावर ती सायकल जणू माझी नव्हतीच. ती पुढं उडाली. हँडल जरा वळवलं तर पूर्ण वळली, ब्रेक लावला तर मागचं चाक नाचायला लागलं, आणि वीस पावलांवर मी रस्त्याकडेच्या चारीत पडलो. दत्तू हसत होता. त्या पोरानं आठवडाभर चांदणी चौकात चहावाल्याकडं किटल्या ठेवून मोकळी सायकल चालवायची सवय केली होती, आणि मला बोलला नव्हता.

मी उठलो, किटल्या पुन्हा आकड्यांना अडकवल्या आणि हौदावर नेऊन पाण्यानं भरल्या.

काका धावत आले. "बबन! हे काय करतोयस?"

"काका, मोकळी सायकल ऐकत न्हाई माझं. माझ्याआधीच पळतीया."

"अरे पण वजन! प्रयोग!"

शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारलं. त्यानं नियमांचा कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला आणि म्हणाला, "सायकल साधी पाहिजे असं लिहिलंय. किटलीचं काय लिहिलेलं न्हाई."

शिट्टी झाली. घाटाच्या चढाला सगळे माझ्या पुढं गेले, पण मी त्या चढाला ओळखत होतो. एकेक जण दम तुटून उतरायला लागला तसा मी किटल्या डुचमळवत त्यांच्याजवळून वर गेलो. माथ्यावर मी चौथा होतो. आणि उतारावर त्या दोन किटल्यांनी मला असं काही ढकललं, की दोघांना मागं टाकून मी दत्तूच्या चाकाला चाक लावलं. भुकूम येईपर्यंत मी दुसरा होतो. तेवढ्यात रस्त्याकडेच्या एका अंगणातून बाईचा आवाज आला, "ए दूधवाल्या! थांब की रं!"

आणि मी थांबलो. हात आपोआप ब्रेकवर गेले. हाक आली की थांबायचं, हे माझ्या हाडात गेलं होतं.

"आमचा गवळी दोन दिस झालं आला न्हाई," ती पातेलं घेऊन बाहेर आली. "अर्धा लिटर घाल."

"मावशी, शर्यत हाय. किटलीत पानी हाय."

"पानी हाय ते ठावं हाय मला. सगळ्यांच्याच असतंय. घाल तू."

मी झाकण काढून दाखवलं. तिनं वाकून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "लाज तरी कशी वाटत न्हाई रं, निस्तं पानी इकताना?" मग तिनं घरातल्या माणसांना बोलावलं. मी त्यांना समजावून सुटेपर्यंत नऊ सायकली गेल्या होत्या. मी अकरावा आलो. दत्तू दुसरा आला.

कारखान्याच्या दारात मॅनेजर, काका, काकू आणि आमचं घर असे गोल उभे होतो. काकांनी काकूंच्या पर्समधलं पाकीट मागून घेतलं. एक जण दुसरा, एक जण अकरावा. क आणि ख यांच्यात एकदाचा फरक पडला होता. त्यांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "क डब्यात श्रमहर," ते म्हणाले. "ख मध्ये नुसतं पीठ." म्हणजे ज्याला चूर्ण मिळालं तो अकरावा, आणि ज्याला पीठ मिळालं तो दुसरा. मॅनेजर खोकला. खोकल्यात हसू होतं. "जाऊ द्या हो विद्वांस," तो म्हणाला.

पण त्याच्याआधी काकीला समजलं होतं. "म्हंजी माझ्या लेकराला खोटंच दिलं?" ती आईकडं वळली. ह्या वेळी सरळ बघून. "क डबा तुझ्या बबनचा, व्हय ना अक्का?"

माझी आई परक्या पुरुषांपुढं कधी बोललेली मी पाहिली नव्हती. ती पदर सावरून पुढं आली. "साहेब, दुजाभाव झाला न्हाई. मी पहिल्याच दिशी दोनी डबं परातीत एक केलं. दोघांनी सारखं खाल्लं."

काकांनी चष्मा वर केला. "एक केलं?"

"व्हय. एका घरात एकाला खरं आन् एकाला खोटं मला जमलं न्हाई."

"म्हणजे दोघांनी श्रमहर घेतलं!" काका जवळजवळ ओरडले. "मग ते निष्फळ ठरलेलं नाही! मॅनेजरसाहेब, ऐकलंत का, काहीच सिद्ध झालेलं नाही!" काही सिद्ध झालं नाही म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"पर ते नऊ दिसांतच सपलं," आई म्हणाली. एकदा सुरू केल्यावर तिला अर्धवट सांगता येत नव्हतं. "ह्या भाऊजींनी खाल्लं, म्हशीनं खाल्लं. त्यापुढं डब्यात घरचं नाचनीचं सत्त्व हाय."

"आन् म्या मूठ मूठ खाल्लं," तात्यांनी अभिमानानं साक्ष दिली. "लई पिवळं झालं."

मग मला वाटलं, आता राहिलंय काय, आणि मी आण्यांचं, शिऱ्याचं आणि गुरुवारच्या खिचडीचंही सांगून टाकलं. काकू तोंडाला पदर लावून दुसरीकडं वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय असं मला वाटलं, पण समोर वळल्या तेव्हा त्या हसत होत्या. काका मैलाच्या दगडावर बसले. वही मांडीवर. एकेक पान उलटत गेले, गुरुवारच्या डोंगरांवरून बोट फिरवत. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.  मग त्यांनी पेन काढलं, आईकडं बघितलं आणि विचारलं, "वहिनी, नाचणी आधी भाजायची की आधी मोड आणायचे?"

दत्तूला कारखान्यात घेतलं, पॅकिंग खात्यात. वर्षभरात त्याला पोट सुटलं. श्रमहर कँटीनमध्ये गेलं नाही, आणि काकांनी त्याबद्दल पुन्हा कुणाला विचारलंही नाही. मी दूध घालत राहिलो. आठवडाभर मला त्यांच्या दाराची कडी वाजवायचा धीर झाला नाही. पातेलं बाहेर ठेवलेलं असायचं, मी ओतून पळायचो. आठव्या दिवशी पातेल्याशेजारी काका स्वतःच बसले होते. म्हणाले, "बबन, मला सायकल शिकव."

"तुमाला येत न्हाई?"

"कधी वेळच आली नाही. कारखान्याची बस होती."

महिनाभर मी दूध घालून झालं की त्यांना शिकवत होतो. साठ वर्षांचा माणूस, अर्ध्या चड्डीत, गुडघे फुटलेले, आणि मी मागून सीट धरून धावतोय. गल्लीतली पोरं शाळा बुडवून बघायला यायची. तोल जमल्यावर ते म्हणाले, आता चांदणी चौक, आणि किटल्या लावून. मी नको नको म्हटलं. शेवटी एका सकाळी ते पहिल्या बसनं भूगावला आले, माझी भरली सायकल घेतली आणि चढ चढायला लागले. मी शेजारून चालत होतो. पहिल्या वळणावर ते बोलायचे थांबले. दुसऱ्या वळणावर उतरून ढकलायला लागले. मी हात लावला तर मानेनं नको म्हणाले. माथ्यावर पोचले तेव्हा त्यांचा स्वेटर पिळून काढावा असा झाला होता. ते रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. खिशातली वही काढली, पेन उघडलं, आणि हात इतका कापत होता की कागदावर नुसती नागमोडी रेघ उमटली. पेन बंद करून त्यांनी खाली पसरलेल्या शहराकडं बघितलं.

"हे रोज?" त्यांनी विचारलं.

"व्हय. पावसाळ्यात बी."

"दमत नाहीस?"

"दमतो की, काका."

 त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. आम्ही तिथं किती वेळ बसलो कुणास ठाऊक. ऊन वर आलं. मला उठवेना, कारण तो हात पाठीवरून उठावा असं मला वाटत नव्हतं. खाली उतरलो तोवर एक किटली नासली होती. तीन घरांनी दूध परत केलं, चौथ्या घरच्या बाईंनी माझ्या सात पिढ्या काढल्या. काकूंनी सगळं नासकं दूध घेतलं, साखर आणि वेलदोडा घालून आटवलं आणि आम्हा दोघांपुढं बशा ठेवल्या. मी दुसऱ्यांदा घेतलं. मान वर केली तर काका खुर्चीतच झोपलेले, चमचा हातात, तोंड अर्धवट उघडं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी त्यांना हाक मारणार तोच काकूंनी मला खुणेनं थांबवलं आणि त्यांच्या हातातला चमचा अलगद काढून घेतला.

"निजू दे," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं आयुष्य थकव्याचा अभ्यास केला. दमलेत मात्र आज पहिल्यांदा."

मी किटल्या वाजू न देता जिना उतरलो.